कळा सुरू होण्याआधी

(शहरातील मंडळ्यांच्या संयुक्त महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला दिलेला विषय घरातला आहे. बाळंतपण कुठे करायचे, आणि बाळंत झाल्यावर किती दिवस कुठे राहायचे? आपल्यापैकी बहुतेक घरांत हा प्रश्न सातव्या महिन्यातच सुटलेला असतो. माहेरी की सासरी, कोणत्या डॉक्टरबाई, खोली कोणती, सोबत कोण, डिंकाचे लाडू कोण करणार, सगळे ठरते. आपण त्याला निर्णय म्हणतसुद्धा नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. आम्ही ज्या भागात सेवा करतो तिथे हाच निर्णय पुष्कळदा कळा सुरू झाल्यावर, रात्री, कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात घ्यावा लागतो. आज मला एवढेच सांगायचे आहे की तो निर्णय आधी घेता आला पाहिजे, आणि तो पाळता येईल अशी सोय तिच्या हाती असली पाहिजे.

मागच्या मेळाव्यात एका भगिनीने मला विचारले होते, "ताई, सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होते, वर पैसेही मिळतात. मग तिकडच्या बाया घरीच का बाळंत होतात?" आपण जेवणाच्या रांगेत उभ्या होतो, त्यामुळे उत्तर अर्धेच राहिले. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून आज त्याचे पूर्ण उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

आधी तो भाग डोळ्यांपुढे आणा. नंदुरबार जिल्ह्यातले धडगाव, म्हणजे अक्राणी, आणि अक्कलकुवा हे सातपुड्यातले दोन तालुके. वस्ती मुख्यतः पावरा आणि भिल्ल समाजाची. तिथे गाव म्हणजे एका जागी वसलेली घरे नव्हेत. एका गावाचे अनेक पाडे असतात. एक या टेकडीवर, दुसरा नाल्यापलीकडच्या टेकडीवर. गाडी जिथपर्यंत येते तिथून घरापर्यंत पायवाट. पावसाळ्यात नाले भरले की तीही तुटते. उत्तरेला नर्मदेकाठी सरदार सरोवराचे पाणी पसरलेले आहे. तिथल्या गावांना नावेशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यांच्यासाठी सरकारचे तरंगते दवाखाने चालतात. अडलेली बाई, आजारी माणूस, साप चावलेले पोर, सगळ्यांना बांबूच्या झोळीत घालून चार जण खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणतात. अशा झोळ्यांची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रात पाहिली असतील.

ही वाट मनात ठेवून उत्पत्तीचा पस्तिसावा अध्याय वाचा. राहेल प्रवासात असताना तिला कळा सुरू होतात. प्रसूती कठीण जाते. तिच्याजवळ सुईण आहे, ती तिला धीरही देते. मुलगा जन्मतो, पण आई वाटेतच प्राण सोडते, आणि याकोब तिला तिथेच वाटेवर पुरतो. मी ही कथा लहानपणापासून ऐकली होती. सातपुड्यात गेल्यावर तिच्यातला "वाटेत" हा शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला. सुईण होती, माया करणारा नवरा होता, धीराचे शब्दही होते. मुक्कामाला पोहोचायला मात्र अजून अंतर होते.

वाट इतकी घातक का ठरते? बाळंतपणातल्या काही अडचणी थांबून राहत नाहीत. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय नीट आवळले नाही, किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर रक्तस्राव सुरू होतो. तो थांबवला नाही तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावू शकते. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिच्याजवळ तेवढाही वेळ नसतो. बाळ जन्मल्यावर रडले नाही तर पहिल्या एका मिनिटातच त्याला श्वास द्यायला सुरुवात करावी लागते. दवाखान्यात बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, ते याच रक्तस्रावासाठी. इंजेक्शन स्वस्त आहे, साधे आहे. पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि शिकलेल्या हाताने योग्य क्षणी द्यावे लागते. झोळी खांद्यावर उचलेपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो.

म्हणून आमच्या आरोग्यसेविका गरोदर बाईच्या घरी जातात तेव्हा "दवाखान्यातच जा" एवढे सांगून परत येत नाहीत. सासू, नवरा आणि ती, तिघांना एकत्र बसवून पाच प्रश्न विचारतात. सासूला मुद्दाम बसवतात, कारण घरातला शब्द बहुधा तिचाच असतो.

पहिला प्रश्न: दिवस भरतील तेव्हा तुम्ही कुठे असाल? शहरातल्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या भागात जातात आणि होळीला परततात. सातपुड्यात होळीइतका मोठा सण नाही. गरोदर बाईही कुटुंबासोबत जाते. तिचा नववा महिना उसाच्या फडाजवळच्या खोपटात येणार असेल, तर इथल्या दवाखान्याचे नाव ठरवून उपयोग काय? मग दोनच गोष्टी उरतात. एक तर तिने मागे थांबावे, आणि ती थांबली तर खाईल काय हेही पाहावे. नाहीतर माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे आणि तिथल्या जवळच्या दवाखान्याची चौकशी आधीच करून ठेवावी.

दुसरा प्रश्न: आधीच कळलेला काही धोका आहे का? मागचे सिझेरियन, जुळी, आडवे मूल, वाढलेला रक्तदाब, हिमोग्लोबिन सातच्या खाली, फार कोवळे वय. आणि आमच्या भागात विशेष म्हणजे सिकलसेल. पावरा आणि भिल्ल समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेल असलेल्या बाईला गरोदरपणात अंगदुखीचे झटके येतात, रक्त झपाट्याने उतरते, जंतुसंसर्ग लवकर होतो. अशा बाईने जवळचे केंद्र निवडायचे नाही. शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्ही जिथे मिळते असे रुग्णालय निवडायचे, मग ते लांब का असेना. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून गरोदर मातांची मोफत तपासणी होते. त्यात असा धोका बहुतेक वेळा आधी कळू शकतो. म्हणून ती ९ तारीख आमच्या कार्यकर्त्यांच्या वहीत लाल शाईने लिहिलेली असते.

तिसरा प्रश्न: धोका दिसत नसेल तर जवळचे कोणते केंद्र? इथे आम्ही पाटीपेक्षा माणसे पाहायला सांगतो. उपकेंद्र असेल तर तिथे परिचारिका रात्री मुक्कामाला असते का? प्रसूतिगृहात पाणी आणि दिवा आहे का? बाळाला ऊब देण्याची आणि श्वास देण्याची साधने चालू आहेत का? संडास वापरण्याजोगा आहे का? अडचण आली तर पुढे न्यायला गाडी किती वेळात येते? आणि सगळ्यांत महत्त्वाचे: तिथे अलीकडे बाळंत झालेली बाई काय सांगते? तिला भेटून विचारा. "चांगले बोलतात" एवढे जरी ती म्हणाली तरी दहा पत्रकांचे काम होते.

चौथा प्रश्न: तिथपर्यंत पोहोचणार कसे? १०२ आणि १०८ हे क्रमांक सगळ्यांना पाठ असतात. पण पाड्यावर मोबाइलला रेंज कुठल्या झाडाखाली मिळते, गाडी कुठपर्यंत येते आणि तिथवर झोळी कोण उचलणार, हे त्या चार तरुणांची नावे घेऊनच ठरवावे लागते. यापेक्षा बरा मार्ग म्हणजे आधीच जाऊन राहणे. २०१०-११ पासून महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' नावाची सोय सुरू केली आहे. दिवस भरत आले की बाईने काही दिवस आधी यायचे, सोबत घरचे माणूस आणि लहान मूल आणायचे, आणि कळा सुरू होईपर्यंत तिथेच राहायचे. ज्याने हे नाव ठेवले त्याला बाईच्या मनाची ओळख असली पाहिजे. राहेलीच्या वाटेवरचा धोका टाळायचा तर मुक्कामाला आधी पोहोचणे हाच उपाय आहे.

पाचवा प्रश्न: तुझ्यासोबत कोण येणार, आणि तुझ्या मागे घरी कोण राहणार? मंडळीतल्या भगिनींनो, मागच्या वेळच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे.

पाड्यावर बाई दवाखान्याला नाही म्हणते तेव्हा आपण चटकन अज्ञान, अंधश्रद्धा असे शब्द वापरतो. मी त्या भागात इतकी वर्षे काम करते आहे. तिच्या जवळ बसून ऐकले तर तिचा हिशेब पक्का असतो. ती म्हणते, घरी तीन वर्षांचे पोर आहे, त्याला कोण सांभाळील? शेळ्या कोण सोडील? सोबत सासू आली तर तिच्या जेवणाचे काय? तिची एक दिवसाची मजुरी बुडाली तर ती कोण भरून देईल? तिथे पावरी कुणाला कळत नाही, मी दुखते कुठे ते सांगू कसे? घरी मी उकिडवी बसून, आधाराला धरून बाळंत होते. तिथे उताणी झोपवतात. पुरुष आत येतात. ओरडले तर बोलतात. आणि रात्री दोन वाजता बाळंत झाल्यावर परत कशी येऊ?

यातले एकतरी कारण वेडेपणाचे आहे का? यांतल्या कित्येकांना कागदावर उत्तर आहे. प्रसूतीच्या वेळी एक बाई सोबत ठेवण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली. बाईला सोयीच्या स्थितीत बाळंत होऊ द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जून २०११ पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त सारे मोफत आहे. साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियन असेल तर ७ दिवस आईला जेवणही मोफत आहे. घरून नेण्याची, पुढच्या रुग्णालयात हलवण्याची आणि घरी परत सोडण्याची गाडीही त्यातच आहे. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागासाठीचे ७०० रुपये वेगळे. कागदावरची ही उत्तरे पाड्यापर्यंत पोहोचवायला माणूस लागतो. पावरी बोलणारा, "मी तुझ्याबरोबर येते" असे म्हणणारा. आमच्या संस्थेचे काम नेमके तेवढेच आहे. दवाखाना सरकारचा, डॉक्टर सरकारचे, औषध सरकारचे. सोबत आपली.

आता विषयाच्या दुसऱ्या भागाकडे येते. तो बहुतेक ठिकाणी राहून जातो.

बाळ झाले, आई बरी आहे, की सगळ्यांना वाटते काम संपले. दवाखान्यात आलेल्या बायाही चार-सहा तासांत घरी जायला निघतात. पण बाळंतपणानंतर दगावणाऱ्या मातांपैकी जवळपास निम्म्या पहिल्याच दिवशी दगावतात, आणि पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांतलीही फार मोठी संख्या पहिल्या दिवसाची असते. म्हणून बाळंतिणीने निदान ४८ तास तिथेच राहावे असा आपल्याकडचा नियम आहे. या ४८ तासांत काय होते? अंगावरून किती जाते ते पाहिले जाते. रक्तदाब तपासला जातो. बाळाचे वजन आणि ऊब पाहतात. पहिल्या तासात त्याला छातीशी लावून चीक पाजतात, आणि दूध नीट ओढता येते का ते बघतात. व्हिटॅमिन के, बीसीजी, पोलिओचा पहिला डोस, हिपॅटायटिस बी या गोष्टी इथेच होऊन जातात. आणि बाई दोन दिवस विनाकाम झोपते. हे शेवटचे मी मुद्दाम सांगते, कारण पुष्कळींच्या आयुष्यात असे दोन दिवस क्वचितच येतात.

गेल्या पावसाळ्यातली एक हकीकत सांगते. नाव आणि पाडा सांगत नाही. बाविशीतली बाई, दुसरे बाळंतपण. आमच्या कार्यकर्तीबरोबर आरोग्य केंद्रात आली, पहाटे बाळंत झाली, मुलगी झाली. सकाळी दहा वाजता ती लुगडे सावरून जायला निघाली. परिचारिकेने समजावले, डॉक्टरांनी समजावले. ती म्हणाली, "पोराने कालपासून काही खाल्ले नसेल." घरी तीन वर्षांचा मुलगा होता, आणि नवरा शेतावर. धोका, नियम, तास यातले काहीच तिला पटेना. तेव्हा आमची कार्यकर्ती म्हणाली, "तू इथे थांब, पोराला मी आणते." ती अडीच तास चालत गेली आणि संध्याकाळी पोराला पाठीवर बांधून घेऊन आली. पोर आईच्या खाटेवर बसून खिचडी जेवले आणि तिच्या कुशीत झोपले. मग तिने जाण्याचे नावही काढले नाही.

दुसऱ्या रात्री तिचे डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. परिचारिकेने रक्तदाब मोजला तो फार चढलेला. झटके येण्याआधीच तिला इंजेक्शन दिले आणि १०८ बोलावून जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवले. गरोदरपणात तिचा रक्तदाब नीट होता. बाळंत झाल्यावरही असा धोका उद्भवतो, हे घरच्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पाड्यावर हे झाले असते तर डोकेदुखीला कुणी डोके बांधले असते आणि झटक्यांना बाहेरची बाधा म्हटले असते. नाला त्या रात्री भरलेला होता. आज ती बाई घरी आहे, मुलगी रांगते आहे. मी त्या प्रसंगाबद्दल देवाचे आभार मानते तेव्हा इंजेक्शनाबरोबर त्या अडीच तासांच्या चालण्याबद्दलही मानते. ते पोर आले नसते तर इंजेक्शन तिच्यापर्यंत पोहोचलेच नसते.

तेव्हा केंद्र निवडताना हेही विचारले पाहिजे: इथे ४८ तास राहता येईल का? सोबतिणीला झोपायला जागा आहे का? मोठे मूल आणले तर चालेल का? गरम पाणी मिळेल का? जेवण वेळेवर येते का? बाळंतिणीला ओल्या, थंड खोलीत ठेवले, गरम पाणी दिले नाही, तर ती थांबणार नाही; आणि तिचे बरोबरच आहे. आपल्या घरातल्या बाळंतिणीला आपण शेक-शेगडी आणि ऊन भात देतो. तिलाही तेच हवे असते.

घरी गेल्यावरही निवड संपत नाही. आशाताईने दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. या घरभेटींची मुळे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू शेकडा साठीहून अधिक घटले. १९९९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले, आणि पुढे ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. कमी शिकलेली गावातली बाई काय करू शकते, याचा हा मोठा पुरावा आहे. मातेच्या जेवणासाठी राज्यात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. आदिवासी भागात गरोदरपणाचे शेवटचे ३ महिने आणि बाळ ६ महिन्यांचे होईपर्यंत अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण. आमच्या सेविका त्या ताटात भाकर, डाळ आणि अंडे खरोखर आहे का, तेही पाहतात.

दाईबद्दल एक शब्द. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींची नावे आहेत. ज्या राजाच्या आज्ञेला त्या भ्याल्या नाहीत, त्याचे नाव मात्र शास्त्राने दिलेले नाही. पाड्यावरची म्हातारी दाई ही आमची विरोधक नाही. पाड्यावरच्या कितीतरी माणसांना तिने हातावर झेललेले आहे, आणि तिच्यावर बायांचा विश्वास आहे. तिला बाजूला सारून आपण तो विश्वास कुठून आणणार? म्हणून आम्ही तिलाच विनंती करतो: मावशी, तुम्ही बाईबरोबर केंद्रात या, तिचा हात धरा, तिच्या भाषेत तिला धीर द्या. जिथे परिचारिकेने दाईला आदराने आत घेतले, तिथे त्या पाड्यावरून बाया येऊ लागल्या, हे आम्ही पाहिले आहे.

आता तुमच्याकडे मागणे. मोघम बोलत नाही, कारण तुमची मदत मोघम नसते.

एक, सोबतिणीचा खर्च. बाळंतिणीचे जेवण सरकार देते. सोबतिणीची बुडालेली मजुरी आणि तिचे दोन वेळचे जेवण कुठल्याही रकान्यात बसत नाही. एका बाळंतपणामागे तीन-चार दिवसांचा हा खर्च एका कुटुंबाने उचलावा.

दोन, बाळंत्यांची गाठोडी. धुतलेली, मऊ, सुती लुगडी आणि धोतरे, त्यांची चौकोनी बाळंती, बाळासाठी टोपडे आणि मोजे, आईसाठी एक घोंगडी. सातपुड्यात थंडी फार असते, आणि कमी वजनाच्या बाळाला ऊब हेच पहिले औषध. नवे कापड नको. वापरून मऊ झालेलेच चांगले.

तीन, रक्तदान. मंडळीतल्या तरुणांनी वर्षातून दोनदा सरकारी रक्तपेढीसाठी शिबिर घ्यावे. तुमचे रक्त धडगावला येणार नाही कदाचित. पण कुठल्यातरी बाळंतिणीला ते लागेलच.

चार, आपल्या मंडळ्यांतल्या निवृत्त परिचारिका. तुम्ही कितीजणी आहात ते मला ठाऊक आहे. पंधरा दिवस आमच्याकडे या आणि आमच्या मुलींना शिकवा.

आणि एक गोष्ट कृपा करून पाठवू नका: दुधाची पावडर आणि बाटल्या. प्रेमाने पाठवता, हे मला कळते. पण पाड्यावर पाणी उकळून, बाटली निर्जंतुक करून दूध देणे जमत नाही, आणि त्यातून होणारे जुलाब बाळाच्या जिवावर बेततात. १९९२ च्या कायद्याने असे वाटप करण्यावर बंधनही आहे. त्या पैशात आईला शेंगदाणे, गूळ आणि डाळ द्या; दूध ती स्वतः देईल.

या तिमाहीसाठी प्रार्थनेचे विषय असे ठेवा. पावसाळा येतो आहे; नाले भरण्याआधी ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्या बहिणींना माहेरघरात यायला घरच्यांची संमती मिळावी. दुर्गम केंद्रांत एकट्या राहणाऱ्या परिचारिकांना रात्रीचे बळ आणि संरक्षण मिळावे. सिकलसेल असलेल्या मातांना वेळेवर रक्त मिळावे. झोळी उचलणाऱ्या तरुणांचे पाय घसरू नयेत. आणि ऊसतोडीला गेलेल्या ज्या बहिणी परमुलखात, फडाच्या कडेला बाळंत होतील, त्यांच्याजवळ कुणीतरी असावे.

जुन्या लुगड्यांचे गाठोडे आणायला आमची जीप पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मंदिराच्या आवारात उभी असेल. बाळंती घड्या घालूनच द्या, म्हणजे आम्हाला मोजायला सोपे जाईल.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.